बरणीतलं इंजिन

"हे काय आहे, मामा?" ओग्न्येननं बरणी उन्हात धरून विचारलं.

बरणीवर चिठ्ठी लाल मिरच्यांच्या चटणीची होती. आत मात्र चटणीचा थेंब नव्हता. दोन स्प्रिंगा, मूठभर वॉशर, सहा-सात बोल्ट, एक चेपलेली जाळी आणि कशाचा तरी वाकडा दांडा.

"टिलरचं सामान आहे," रादोयको म्हणाला. "उरलेलं."

"उरलेलं म्हणजे?"

"म्हणजे इंजिन खोललं, साफ केलं, परत जोडलं, की काहीतरी उरतंच. तीस वर्षांत एवढंसं उरणारच की रे. मी फेकून देणार होतो, पण तुझी मामी देईल तर ना!"

भाचा जर्मनीत मोटारींचा मेकॅनिक होता. ईस्टरच्या सुट्टीत गावी येताना त्यानं टिलरचं एकशे चार पानांचं माहितीपुस्तक छापून आणलं होतं. माती उकरायचा तो टिलर बंद होता असं नव्हे. खोकत होता, थुंकत होता, पण चालत होता. ओग्न्येनला मात्र ते बघवेना.

"सगळं पुस्तकाप्रमाणे बसवतो," तो म्हणाला. "एकही बोल्ट बाहेर राहणार नाही. आणि तरीही नीट चालला नाही, तर सोमवारी भंगारात. नवा घेऊन देतो तुम्हाला. बॅटरीवाला."

"बॅटरीवाला," रादोयको म्हणाला. बिनदारूच्या लग्नाचं आमंत्रण यावं, तसं तोंड झालं त्याचं. बटाटे अजून लावायचे होते, आणि या टिलरशिवाय दुसऱ्या कशानं त्यानं आजवर वाफा केला नव्हता.

दुपारपर्यंत बरणी रिकामी झाली. मामीनं, दोब्रिलानं, ती विसळून कुंपणाच्या खांबावर पालथी घातली. ओग्न्येननं पुस्तकातलं शेवटचं पान उलटलं, हात पुसले आणि दोरी ओढली.

काही नाही.

परत ओढली. पंधरा-वीस वेळा ओढली. आधी जॅकेट काढलं, मग शर्ट. कुंपणापलीकडून शेजारी मिलून बघत होता.

"ही जर्मन पद्धत का रे?" त्यानं विचारलं. "फारच शांत चालतं बुवा!"

ओग्न्येन खाली बसला. "मामा, मी सांगितलं होतं. सोमवारी."

 रादोयकोनं राकियाचा, घरच्या फळांच्या दारूचा, एक पेला घेतला, स्टूल ओढलं आणि पक्कड मागितली. गाय पिळायला बसावं तसा तो इंजिनापाशी बसला. दोब्रिलानं न सांगता बरणी उचलली आणि त्याच्या हाताखाली धरली.

"ही जाळी. हिच्यामुळे त्याला श्वासच घेता येत नाही." टण्ण. "हे दोन बोल्ट आमच्या मीराच्या लग्नाच्या वेळचे. तेव्हापासून कुठे काय निखळलंय?" टण्ण, टण्ण. "ही स्प्रिंग त्याला मागे ओढते. पळायचं असेल त्याला पळू द्यावं."

"मामा, ती स्प्रिंग इंजिनाचा वेग आवरते!"

"तेच म्हणतोय मी."

शेवटी वाकडा दांडा उरला. रादोयकोची पक्कड थांबली.

"अहो, काढा तोही," दोब्रिला म्हणाली. "तो तर पहिल्याच वर्षी निघाला होता."

टण्ण.

रादोयकोनं एकदाच दोरी ओढली. टिलर खोकला, काळा धूर ओकला आणि असा धडधडला की कोंबड्या मिलूनच्या अंगणात गेल्या. कुणी मूठ धरायच्या आत तो आपला आपण दोन पावलं पुढे गेला आणि गवतात ठेवलेलं पुस्तक, एकशे चार पानं, जर्मन आकृत्यांसकट मातीत कालवून मोकळा झाला.

"खत झालं," मिलून म्हणाला.

पाच वाजेपर्यंत बटाट्याचे सात वाफे झाले. वाकडे, पण सात. रादोयको घाम पुसत, स्वतःशीच शीळ घालत परत आला. ओग्न्येन ब्रेड आणायला निघाला होता. त्यानं आपली नवी कोरी गाडी सुरू केली.

रादोयकोनं मान तिरकी केली. "काय टिकटिकतंय रे?"

"काही नाही, मामा. आठवडाभर येतोय आवाज. तिथे तिघांनी बघितली, कुणाला सापडेना."

रादोयको पक्कड विजारीला पुसत नुसता उभा राहिला. ओग्न्येननं एकदा वाफ्यांकडे बघितलं, एकदा मामाकडे. मग गाडी बंद केली आणि स्वतःच खटका ओढून बॉनेट उघडलं.

दोब्रिला घरात गेली आणि दुसरी बरणी घेऊन आली. ही मोठी होती, काकड्यांची.