दोन वाटाडे

“अहो काका, ते कशाला उपसताय?”

आर्गिरिसचा स्क्रूड्रायव्हर डॅशबोर्डच्या फटीतच थांबला. गाडी बघायला दुपारी येते म्हणालेली बाई सकाळीच दारात उभी होती. लांबच्या वोलोस शहरातली, पोलिक्सेनी नावाची, तिशी ओलांडलेली.

“जुनाट झालंय गं पोरी,” तो म्हणाला. “हे गाडीतच बसवलेलं नेव्हिगेशन म्हणजे घरजावई. एकदा बसला की हलत नाही आणि नवं काही शिकत नाही. त्यापेक्षा हे काचेला चिकटवायचं घे. रात्री काढून घरात न्यायचं, चोराची भीती नाही. माझंच देऊन टाकतो तुला, फुकट.”

“फुकट म्हटलं की मला धडकीच भरते,” ती हसली. “मला बसवलेलंच हवं. ते नसेल तर गाडीही नको.”

गाडी तर जायलाच हवी होती, आणि इथून, कार्दित्सा गावापासून, जितकी लांब तितकं बरं. पण त्या यंत्रासकट नाही.

मागच्या पानगळीत, डोंगरातल्या धुक्यात, याच गाडीची धडक बसून थिमिओस नावाचा म्हातारा मेंढपाळ दरीत गेला होता. आर्गिरिस थांबला नाही. नदीने प्रेत वाहून खाली पुलापाशी आणलं, आणि म्हातारा अंधारात पुलावरून घसरला असं गावाने ठरवून टाकलं. चेपलेला पत्रा आर्गिरिसने स्वतःच गोठ्यात ठोकून सरळ केला. सगळं निभावलं होतं. मग एके दिवशी चहा पिता पिता कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन सहज बोलून गेला, की बसवलेली यंत्रं कितीही पुसा, कुठे गेलात, कुठे करकचून ब्रेक मारलात, सगळं पोटात ठेवतात. झालं, त्या दिवसापासून या माणसाची झोप उडाली. खाई त्याला खवखवे, दुसरं काय!

“असं करू,” पोलिक्सेनी म्हणाली, “दोन्ही चालू ठेवून डोंगरात चक्कर मारू. सपाटीवर काय, कुणीही शहाणं असतं. याआधी तीन गाड्या पाहिल्या, त्याही मी वरच नेल्या होत्या.”

“डोंगरात कशाला? हायवे आहे की चांगला.”

“का? चढत नाही का गाडी?”

आता नाही म्हणणं म्हणजे आपणच संशयाला पाट मांडून देणं. त्याने मुकाट्याने किल्ली दिली आणि शेजारी बसला.

गावाबाहेर पडताच दोन्ही यंत्रांची जुंपली. काचेवरची बाई डावीकडे वळा म्हणाली, डॅशबोर्डातला बुवा उजवीकडे.

“नवराबायको दिसतायत,” पोलिक्सेनी म्हणाली आणि तिने गाडी उजवीकडे घातली.

“बाईचं ऐक. बुवा खड्ड्यात घालेल.”

“बघू तरी कुठे नेतोय.”

तो पुलावरच नेत होता. पुलाच्या तोंडाशी खांबावर लहानसा लोखंडी देव्हारा होता, आत तेलाचा दिवा. रस्त्यात कुणाचा जीव गेला की घरचे असा बसवतात. दोघांनीही चालत्या गाडीत क्रूसाची खूण केली.

“कोण गेलं इथे?” तिने विचारलं.

“थिमिओस म्हणून एक मेंढपाळ. घसरला पुलावरून. प्यायलेला असेल.”

“देव्हारा कुणी बसवला?”

“मुलगी आहे म्हणे एक, लांब कुठेतरी राहते. जिवंतपणी फिरकली नाही, मेल्यावर बापाचा पुळका आला.”

पोलिक्सेनीने नुसता गिअर बदलला.

पुढे दरी अरुंद झाली आणि काचेवरच्या बाईची वाचा बसली. बुवा मात्र बोलतच होता. पुढे वळण, मग पुन्हा वळण, हळू चला.

“हाच बरा,” ती म्हणाली. “रस्ता पायाखालचा दिसतोय त्याच्या. काका, यात जुने प्रवास दिसतात का हो?”

“नाही,” आर्गिरिस घाईने म्हणाला. “म्हणजे असतील, मला नाही कळत त्यातलं. तू समोर बघ.”

पण तिचं बोट पडद्यावर पोचलंही होतं. पडद्यावर एक बारीक चक्र गरगरू लागलं. एवढा वेळ का लागतोय? आत काहीच नसतं तर लागला असता का? अक्रोडाच्या झाडाचं वळण आलं, आर्गिरिसचा हात कपाळाला लागून छातीवर उतरला, नजर त्या चक्रावरच खिळलेली. वळण मागे पडलं, तरी चक्र फिरतच होतं. हिला पत्ता लागला तर उरलेलं आयुष्य तुरुंगात जाणार, एवढं एकच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

चक्र थांबलं. जुने प्रवास: काही नाही.

आर्गिरिसने डोळे मिटून सीटवर मान टेकली. वाचलो. त्या मेल्या इलेक्ट्रिशियनला काडीची अक्कल नव्हती, आणि त्याच्या नादी लागून आपण इतके महिने जीव जाळला. त्याला एकदम त्या पोरीचंही कौतुक वाटू लागलं.

“तुझंच खरं, पोरी,” तो मोकळेपणाने म्हणाला. “बसवलेलंच बरं. यंत्रासकट घेऊन जा गाडी. किमतीचंही बघू काहीतरी.”

पोलिक्सेनीने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

“काका, मागच्या वळणावर तुम्ही क्रूसाची खूण केलीत. कुणासाठी?”

“मी? सवय गं. देव्हारा दिसला की हात आपोआप जातो.”

“देव्हारा खाली पुलावर आहे. इथे काहीच नाही.”

आर्गिरिसने मागे वळून पाहिलं. अक्रोडाखाली नुसतं गवत होतं.

“गाव म्हणतं, पुलावरून पडला,” ती समोर बघतच म्हणाली. “पण बाबांची काठी मला त्या अक्रोडाखाली सापडली होती, आणि ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.”