बसायचं काम

रुपा पवनीच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये कंत्राटी मदतनीस होती. पाचवा महिना लागला तरी तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण तिच्या आधीच्या बाईनं सांगितलं आणि पुढच्या सत्रात तिला परत बोलावलंच नाही. पण ॲसिडच्या बाटल्या उचलताना तो उग्र वास नाकात गेला, की रुपाला बाळाचीच काळजी वाटायची. त्या दिवशी प्रॅक्टिकल चालू असताना तिला गरगरलं. टेबलाला धरून ती जराशी उभी राहिली आणि मग थेट प्राचार्य मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

"मॅडम, मले पाचवा महिना चालू हाये," ती कशीबशी म्हणाली. "पण मले कामावरून काढू नका."

मॅडमनी तिला आधी बसवलं, पाणी दिलं. "एवढे दिवस काहून लपवलं? तुले कोणी काढत नाही. उद्यापासून तू लायब्ररीत बस, तिथं बसायचं काम आहे. तिथली शालू लॅबमध्ये येईल. तिले सांगून दे."

रुपाला रडूच आलं. डोळे पुसत ती लायब्ररीत गेली. दोन महिन्यांपूर्वीच कामाला लागलेली शालू पुस्तकांवर शिक्के मारत होती. निरोप ऐकला आणि तिचा हात थांबला. चेहरा पांढराफटक पडला.

"काय झालं वं?" रुपानं विचारलं.

शालूनं दाराकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली,


"ताई, कोणाले सांगू नका, पण मले तिसरा महिना चालू हाये."