अर्धी तुझी, अर्धी माझी

“तुझं काय निघालं ते आधी सांग,” नवरदेव म्हणाला आणि वर्कशॉपच्या आवारात आलेल्या फुप्फुसांच्या तपासणीच्या गाडीपासून चार हात लांबच उभा राहिला.

साठीला टेकलेल्या या गड्याला वर्कशॉपमध्ये सगळे नवरदेवच म्हणत. काम बसगाड्यांना रंग मारायचं, पण येताना भांग असा पाडलेला की जणू वरात दारात खोळंबलीय. आज मात्र भांग पार विस्कटला होता. सकाळपासून गाडीपाशी यायचं आणि काहीतरी निमित्त काढून परत फिरायचं, हेच त्याचं चाललं होतं.

त्याच्या जुन्या दोस्ताने, वर्कशॉपच्या वेल्डरने, खिशातल्या किल्ल्या उगाचच चाचपल्या. वेल्डरच्या छातीचा स्कॅन याच गाडीत मागच्या आठवड्यातच झाला होता. काल डॉक्टरांचा फोन आला. उजव्या फुप्फुसात लहानसा डाग दिसतोय, म्हणाले. वाईटच असेल असं नाही, पण असलाच तर अगदी सुरुवातीला हाती लागलाय, सोमवारी पुढच्या तपासणीला या. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. आणि हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

आता हे नवरदेवाला सांगावं, तर तो धूम ठोकणार. इंजेक्शनची सुई नुसती पाहून घेरी येणारा माणूस तो.

“माझं ना?” वेल्डर म्हणाला. “एकदम स्वच्छ! दोन मिनिटं आडवं पडायचं, सुई नाही की टोचणं नाही. जा बिनधास्त.”

नवरदेवाचा चेहरा खुलला. त्याने वेल्डरच्या पाठीवर सणसणीत थाप मारली. “मग झालं तर! सुटलो!”

“सुटलो काय? आत जा ना.”

“आता कशाला? अरे, आजवर एक तरी सिगारेट मी पुरती ओढलीय का? एक पेटवायची, अर्धी तुझी, अर्धी माझी. तू ओढलीस तेवढीच मी ओढली, वर एक झुरका नाही. तुझं स्वच्छ, म्हणजे माझंही स्वच्छ. एकाची तपासणी झाली की दोघांची झाली.”

वेल्डर त्याच्याकडे बघतच राहिला. नोकरीला लागल्यापासूनचा हा दोघांचा हिशोब. रंगखात्याच्या मागच्या भिंतीशी एकाने पेटवायची, दुसऱ्याने विझवायची. अर्ध्या सिगारेटने माणसाचं काही बिघडत नाही, अशी दोघांनी मिळून स्वतःची समजूत घालून घेतली होती आणि घरी बायकांनाही तेच ऐकवलं होतं. एवढी वर्षं सुखाने चाललेली ती समजूत आज नेमकी त्याच्या अंगाशी आली.

“तसं नसतं रे,” तो म्हणाला. “प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं.”

“कालपर्यंत नव्हतं ते?” नवरदेव हसला आणि हसता हसता खोकू लागला. तो खोकला साऱ्या वर्कशॉपच्या ओळखीचा होता. रंगाचा वास घशात बसलाय, असं तो म्हणायचा. सगळे मान डोलवायचे.

गाडीच्या दारातून नर्सबाई डोकावल्या. “अजून कोणी आहे का? नाहीतर आवरतो आम्ही. इकडे पुन्हा येणं आता पुढच्या वर्षीच.”

नवरदेव शेडकडे चालायलाही लागला होता. स्वतःच्या डागाचं भय वेल्डरने कालपासून कसंबसं दाबून ठेवलं होतं, पण या पाठमोऱ्या माणसाचं भय त्याला दाबता येईना.

“खोटं बोललो मी!” तो ओरडला.

नवरदेव थांबला.

“डाग आहे. उजवीकडे. काल फोन आला होता.” हे शब्द पहिल्यांदाच त्याच्या तोंडाबाहेर पडत होते आणि ते दुसऱ्याच कोणाबद्दल असावेत असं त्याला वाटत होतं. “लहान आहे म्हणाले. लवकर सापडलाय म्हणाले. पण आहे.”

शेडमध्ये कोणीतरी पत्रा ठोकत होतं. नवरदेवाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आता हा पळणार, असं वेल्डरने मनाशी धरलं. पण तो सावकाश मागे आला आणि अगदी जवळ येऊन उभा राहिला.

“गाढवा,” तो हळूच म्हणाला. “आणि काल दिवसभर माझ्याशी थट्टामस्करी करत बसलास?”

वेल्डरने पुन्हा खिशातल्या किल्ल्या चाचपल्या.

“वहिनींना सांगितलंस?”

“नाही.”

“का?”

“कुठल्या तोंडाने सांगू? अर्ध्याने काही होत नाही, असं जन्मभर तिला सांगत आलोय.”

नवरदेवाने गाडीच्या दांडीला धरलं. अख्ख्या बसवर एका दमात सरळ रेघ ओढणाऱ्या त्या हाताने दांडी दोनदा सोडली आणि दोनदा धरली.

“बाई, एक जण आहे,” तो नर्सला म्हणाला. मग वेल्डरकडे वळला. “फोन काढ.”

“आधी तू आत जा.”

“आधी तू फोन लाव. स्पीकरवर टाक, मला ऐकू दे. एकट्याने घाबरायला मला जमणार नाही.”

वेल्डरने फोन लावला. नवरदेव एक पाय पायरीवर ठेवून कान देऊन उभा होता. रिंग वाजत राहिली. तिने उचलू नये, असं वेल्डरला मनापासून वाटलं.

“हॅलो? अहो, या वेळेला कसा काय फोन? काय झालं?”

नवरदेवाने ते ऐकलं. मग तो पायरी चढून आत गेला आणि त्याने दार ओढून घेतलं.