उंबरघळहून फोन

साय धरलेला चहा. भिंतीवर मंत्र्यांबरोबरचा फोटो. फोनमधून येणारा कोंबड्यांचा कलकलाट.

“मॅडम, उंबरघळहून बोलतेय. आमचा दवाखाना बंद करा, असं तुमच्याच संस्थेनं सरकारला सांगितलं ना? सुनेला कळा सुरू झाल्यात. कुठं नेऊ तिला?”

सरकारला धोरणं सुचवणाऱ्या त्या संस्थेच्या अहवालात उंबरघळ रेवतीनंच घातलं होतं. छोटे दवाखाने परवडत नाहीत हे पटवायला उदाहरण हवं होतं, म्हणून गाव मनानं रचलं होतं. सरकारी आदेशात तेच नाव उतरलं तेव्हा ऑफिसात सगळे हसले होते.

“मावशी, असं गावच नाहीये.”

“नाही कसं? तुम्ही लिहिलंत तेव्हापासून राहतोय की इथं.” मागून किंकाळी आली. “बाई, तेवढा दवाखाना परत लिहा. पाया पडते.”

रेवतीनं अहवाल उघडला. पण त्याचं आता सरकारी धोरण झालं होतं. त्यातलं एक अक्षरही तिला बदलता येईना.

दवाखाना बंद केल्यास उंबरघळमध्ये वर्षाला फार तर एक बाळंतीण दगावेल, असं तिनं त्याच अहवालात लिहिलं होतं.