चौदावा प्रश्न

"मधल्या पंधरा दिवसांत काही विशेष घडलं नाही ना, काका?"

पाहणीसाठी आलेल्या तरुण लोरेनाने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता 'नाही'च्या चौकटीत खूण केली. वाल्देसीने उघडलेलं तोंड मिटलं. त्याच्या आयुष्यात काही घडत असेल, असं रिओच्या या मनोरुग्णालयात कुणाला वाटतच नसे.

आज तेच सत्तावीस प्रश्न पुन्हा होते. आजार आहे म्हणून प्रेमात, अंथरुणात, लग्नाच्या गोष्टीत लोकांनी किती दुखावलं, ते मोजायचा हा कागद. तो भरवशाचा आहे का हे कळायला दोन्ही वेळची उत्तरं जुळावी लागत. मागच्या वेळी वाल्देसी सत्तावीसही वेळा 'कधीच नाही' म्हणाला होता. बेरीज शून्य. लोरेना खूश झाली होती. "काका, नशीबवान आहात! अख्ख्या दवाखान्यात सगळ्यात कमी गुण तुमचे." बाहेर बाकावर बसलेल्या इतर रुग्णांनी टाळ्या पिटल्या होत्या. "वाल्देसीचा पहिला नंबर आला रे!" शाळेत कधी पहिला न आलेला वाल्देसीही तेव्हा हसला होता.

घरी गेल्यावर मात्र त्याला काही सुचेना. घर म्हणजे भावाच्या घरामागची खोली. बाविसाव्या वर्षी तो पहिल्यांदा दवाखान्यातून परतला, तेव्हा भावाने तिथे एका माणसापुरती खाट टाकली. आता त्याला शेहेचाळीसावं लागलं होतं आणि खाट तीच होती. इतकी वर्षं डॉक्टर त्याला झोप विचारत, आवाज ऐकू येतात का विचारत, पोट साफ होतं का विचारत. कुणी जवळ असावंसं वाटतं का, हे पहिल्यांदा विचारलं ते या कागदाने. वाटायचं. फार वाटायचं.

म्हणून गुरुवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून बसथांब्यावर दिर्सेच्या कॉफीच्या टेबलापाशी उभा राहिला. दिर्से विधवा होती, मोठ्याने हसणारी. नऊ वर्षं तो तिच्याकडेच कॉफी घेत होता.

"रविवारी बागेत सांबाचा नाच आहे," तो म्हणाला. "याल माझ्याबरोबर?"

दिर्सेचं हसू अर्ध्यावरच थांबलं. तिने आधी इकडेतिकडे पाहिलं.

"तुम्ही फार भले आहात हो. पण त्या दवाखान्यातल्या माणसाबरोबर मी नाचले, तर माझ्या मुली मला घरात तरी घेतील का?"

मग त्याने न मागताच तिने त्याचा कप पुन्हा भरला. वाल्देसीची जीभ भाजली, तरी त्याने ती कॉफी उभ्याउभ्या संपवली आणि बस पकडली.

आता लोरेना एकामागून एक प्रश्न वाचत होती आणि तो 'कधीच नाही' म्हणत होता. चौदावा आला.

"तुमच्या आजारामुळे कुणी तुमच्याबरोबर बाहेर जायला नकार दिला का?"

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. 'कधीच नाही' म्हटलं की सुटला. पहिला नंबर राहील, कागद जुळेल, ही पोरगीही खूश होईल. पण मग गुरुवारची सकाळ झालीच नाही, असं होईल. आणि ती सांगायला त्याला जगात दुसरं कुणी नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "एकदा."

लोरेनाचं पेन थांबलं. तिने जुना कागद काढून पाहिला. "इथे तर 'कधीच नाही' आहे, काका. आज चुकून बोललात का? मागचंच ठेवू या?"

"नको. 'एकदा' लिही. ठळक लिही."

"अहो, पण मग जुळत नाही ना! मागच्या वेळी खोटं सांगितलंत का मला?"

"नाही गं," वाल्देसी म्हणाला. "मागच्या वेळेपर्यंत मी कुणाला विचारलंच कुठे होतं?"