चुलीत सांडलेलं दूध

"आबा, उतरवा! दूध उतू जातंय!" बाळंतपणाला आलेली लेक चुलीकडे धावली. मी तिचा हात धरला.

"सोडा, आबा! दूध चुलीत सांडलं तर गाईच्या सडांना फोड येतात. आई कधी उकळी येऊ द्यायची का?"

"नाही द्यायची. कोमट झालं की उतरवायची. डॉक्टर काय म्हणाले, विसरलीस? कच्च्या दुधातल्या जंतूंनीच तिला नेलं. तुझ्या पोटात बाळ आहे."

दूध सांडलं, चूल चरचरली. माझीही नजर गोठ्याकडे गेली.

संध्याकाळी धार काढायला बसलो. लेक वाकून बघत होती. चारही सड मऊ होते. गाय निवांत पेंड खात होती.

"काहीच झालं नाही हो, आबा!"

मी मान हलवली. हे तिच्या आईला दाखवायचं राहून गेलं.