पाचवा खर्डा

नानाजींनी वही फिरवून मेघा मॅडमसमोर सरकवली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

मॅडमनी पान वाचलं. "हे पत्र नाही, नानाजी. शाप आहे."

"मंग काय लिहू? बायको मारली त्यानं माही."

रोहण्याच्या वाचनालयात दर शनिवारी दुपारी हा वर्ग भरायचा. मेघा मॅडमची पीएचडी चालू होती. शाळेत ज्यांना कधी चार ओळी जमल्या नाहीत, त्यांना समोरच्याला पटेल असं लिहायला कसं शिकवायचं, हा त्यांचा विषय. पोळ्यापासून त्या वर्ध्याहून येत होत्या. आधी स्वतःच्या गाडीनं, आता एसटीनं. शकुंतलाबाई घरकुलाचा अर्ज लिहिता लिहिता म्हणायच्या, "मॅडम, गाडी इकून आमाले पेनं आनले काय?" सगळे हसायचे. गाडी नागपूरला भावाकडे आहे, असं मॅडम सांगायच्या.

नानाजी वर्गात आले ते दिवाळीनंतर.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी, दिवे लागायच्या वेळी, त्यांची बायको अन्नपूर्णाबाई फाट्यावरून पायी घरी येत होत्या. गाडीनं उडवलं. गाडी पुढे जाऊन थांबली होती, चाकांच्या खुणा होत्या. कोणीतरी उतरून त्यांना कडेच्या निंबाखाली आणून निजवलं होतं आणि निघून गेलं होतं. गावातल्या लोकांना दिसल्या तेव्हा जीव गेलेला होता. हातातली पिशवी नाल्यात वाहून गेली की काय, सापडलीच नाही. पोलिसांना गाडीही सापडली नाही.

नानाजींना एकच हवं होतं. ती शेवटी काही बोलली का. पाणी मागितलं का. हे सांगू शकेल असा माणूस जगात एकच होता. त्याच्यासाठी पत्र लिहून ते फाट्यावरच्या पानठेल्यावर लावायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. शिक्षण चौथी. कापूस वेचायचा राहिला होता आणि ते बांधावर वही घेऊन बसत होते. सून रीता ताट वाढून ठेवायची, ते तसंच उचलायची.

मॅडमची एक पद्धत होती. खोडायचं नाही. दर खेपेला एकच वाक्य समासात स्वतः लिहून दाखवायचं, बाकीचं ज्याचं त्यानं. सगळे खर्डे त्या प्रबंधासाठी फाईलला लावत.

दुसऱ्या खर्ड्यातून शाप गेले. उरलं ते असं: "बायको रस्त्यानं येत होती. हातात पिशवी होती. तू तिला उडवलं."

मॅडम म्हणाल्या, बायको कोणाचीही असते. वाचणाऱ्याला ती दिसली पाहिजे. त्यांनी पेन्सिल घेतली आणि भराभर लिहिलं: "अन्नपूर्णा डाव्या कडेनं चालली होती. हातात लाल नाडा बांधलेली पिशवी होती."

"असं बारीकसारीक लिहा. मग वाचणाऱ्याला पान बाजूला ठेवता येत नाही."

नानाजी त्या वाक्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"चांगलं लिहता तुमी," ते म्हणाले.

तिसऱ्या खर्ड्यात त्यांनी शेवटी घातलं, पोलिसात जाऊन सांग. मॅडमनी ते वाक्य दोनदा वाचलं. एका पत्रात एकच मागावं, असं त्या म्हणाल्या. घाबरलेल्या माणसाला दोन गोष्टी मागितल्या तर तो एकही देत नाही.

"भेला असन तो?"

"असेल."

"मंग पानी तरी पाजलं असन काय त्यानं?"

मॅडमनी वही मिटली. बस चुकेल म्हणून त्या वर्ग लवकर सोडून गेल्या.

पुढच्या शनिवारी त्या आल्याच नाहीत. शकुंतलाबाईंनी फोन लावला तर तो बंद होता. बाकीचे घरी गेले. नानाजी पायरीवर बसून राहिले. ऊन भिंतीवर चढलं तेव्हा रीता आली.

"मामाजी, चाला ना घरी. नाई येत आता त्या."

"येतीन. माह्यं पत्र अर्धं हाय."

त्याच्या पुढच्या शनिवारी मॅडम आल्या. चेहरा उतरला होता. चौथा खर्डा वाचून म्हणाल्या की आता पत्र चांगलं झालं आहे, फक्त 'प्रति'च्या पुढची जागा कोरी आहे. वाचणारा डोळ्यासमोर आणल्याशिवाय पत्र पुरं होत नाही.

"नाव नाई लिहलं तर?"

"तो समोर बसला आहे असं समजा. त्याच्याशीच बोला."

नानाजींनी मान हलवली.

पाचवा खर्डा त्यांनी वहीत लिहिला नाही. कोऱ्या कागदावर लिहून, चार घड्या घालून आणला. वर्ग सुटेपर्यंत खिशातून काढला नाही. सगळे गेल्यावर तो टेबलावर ठेवला.

"आता फाट्यावर लावायचं ना?" मॅडमनी विचारलं.

"नाई. हातातच द्याचं ठरवलं."

ते समोरच बसले. मॅडमनी घड्या उलगडल्या. पत्र चारच ओळींचं होतं.

"प्रति, मेघा मॅडम.
पिशवीचा बंद त्याच सकाळी तुटला होता. लाल नाडा मी बांधून दिला होता.
वहीत मी फक्त पिशवी लिहिलं होतं.
एवढंच सांगा, तिनं पाणी मागितलं काय?"